उघड्या तळात

बुधवार, २८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनच्या सुमारास कराचीच्या पश्चिमेला, मकराणच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्राचा तळ हलला. पसनी, ओरमारा या गावांत घरे पडली. समुद्राखालून जाणाऱ्या तारेच्या केबली तुटल्या. पुढे काही वेळाने किनाऱ्यावर लाट आली, आणि सकाळी आठनंतर तीच लाट मुंबईला वर्सोवा-जुहूच्या वाळूवर पोचून तिथलीही माणसे घेऊन गेली.

त्या किनाऱ्यालगत पृथ्वीच्या पाठीचा एक तुकडा दुसऱ्याखाली दामटला जातो, हे शास्त्र तेव्हा कुणी मांडले नव्हते. तिथला तळ विश्वासाचा नाही, एवढे मात्र केबल टाकणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. नद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेला गाळ समुद्रातल्या उतारावर राशीने साचतो. काही ठिकाणी तो मैलोगणती जाड असतो. धक्का बसला की रास सुटते आणि पाण्याखालच्या दरीत उतरते. कुणी बघत नाही. तार मुकी होते, तेव्हाच वर कळते.

बेळगावजवळच्या येळ्ळूरला यातले काहीच जाणवले नाही. सुगीचे दिवस होते. मारुतीराव खळ्यावर भाताच्या राशीशेजारी घोंगडे पांघरून झोपले होते. त्या पहाटे आपल्याला जाग आली होती का, कुत्रे भुंकले होते का, हे पुढे त्यांनी पुष्कळदा आठवून पाहिले. काही आठवले नाही. मुलगा जिथे होता तिथली जमीन हलत असताना बापाला गाढ झोप लागली होती, एवढेच हाती आले.

मुलगा म्हणजे नागोजी, त्यांचा एकुलता एक. पलटणीबरोबर कराचीला गेला, तिथे गाडीच्या फळीत हात सापडून दोन बोटे गेली आणि लढाईवर न जाताच सुटला. गावी परतण्याऐवजी त्याने तिथेच नोकरी धरली. पसनीच्या पुढे एका उघड्या किनाऱ्यावर समुद्रातली केबल जमिनीवर येत असे. तिथे एक दगडी खोली होती, तिला केबल-घर म्हणत. नागोजी त्या घराचा राखणदार झाला. "बसून पगार हाय," असे त्याने सुट्टीवर आल्यावर सांगितले होते, आणि त्याची बायको यशोदा त्यावर म्हणाली होती, "बसायचंच तर हितं बांधावर बसा की."

बातमी बेळगावात आली ती वर्तमानपत्रातून, तीही मुंबईच्या लाटेची. मकराणचा उल्लेख शेवटच्या दोन ओळींत होता. मारुतीरावांना वाचता येत नव्हते. शनिवारच्या बाजारात एका ओळखीच्या व्यापाऱ्याने वाचून दाखवले आणि ते तसेच तारऑफिसात गेले.

तिथे खिडकीवर पद्मराज होता. निपाणीकडचा जैन, घरची तंबाखूची शेती. भाऊ वखार बघत, हा शिकून तारमास्तर झाला होता आणि टिळकवाडीत खोली घेऊन एकटाच राहत होता. कराचीच्या तारवाल्यांशी त्याची रोजची गाठ. माणसे कधी पाहिलेली नाहीत, पण कोण कसा ठोका देतो हे पाठ.

"तारमास्तर, लागली का लाईन?" मारुतीराव दर शनिवारी विचारत.

"जमिनीवरची लागली अण्णा. समुद्रातली अजून मुकी आहे."

"आन् मानसं?"

"विचारलंय. परत विचारतो."

केबल कंपनीचे उत्तर आले ते पौषात. केबल-घर उरलेले नाही, राखणदाराचा ठावठिकाणा नाही. पद्मराजने ते दोनदा वाचले आणि 'ठावठिकाणा नाही' याच्यापुढे काही लिहिले आहे का म्हणून कागद उलटून पाहिला.

त्या दिवशी मारुतीराव ऑफिसच्या बाकावर बसून राहिले. पद्मराज सूर्य मावळण्याच्या आत जेवणारा. त्याने डबा काढला, अर्धी भाकरी आणि शेंगांची चटणी म्हाताऱ्यापुढे केली, आणि काहीतरी बोलायचे म्हणून केबलीचे बोलू लागला.

"कराचीचा माणूस म्हणतो, केबल नुसती तुटली नाही. गाडली गेली. तळच घसरला म्हणे."

"समुद्राचा तळ कसा घसरंल वो? तळाखाली जायाचं कुठं?"

"तळाला पण उतार असतो अण्णा. आमच्या वखारीत तंबाखूच्या गोण्यांची थप्पी लावतात. चढवत चढवत नेलं की डोंगर दिसतो. शेजारून बैलगाडी गेली, जमीन हादरली, की सगळी थप्पी खाली. तसं."

"मग खाली मानूस आसला तर?"

पद्मराजने घास हातातच ठेवला. "तसं नाही म्हणालो मी," तो म्हणाला.

मारुतीरावांना गोणीपेक्षा गाळ कळत होता. गावच्या तळ्याची मोरी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची वाट, उघडण्याचे काम त्यांच्या घराण्याकडे होते. घराला नावच 'तळ्याचं घर' असे पडले होते. ओढा दर पावसाळ्यात माती आणतो, ती बांधाच्या पोटाशी बसते, वर पाणी आरशासारखे दिसते आणि खाली तळे मरत असते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होते. समुद्रही गाळाने भरतो, हे मात्र त्यांनी पहिल्यांदा ऐकले. घरी जाताना वाटभर ते त्याचाच विचार करत होते. एवढा गाळ, आणि उपसायला कुणी नाही.

त्या हिवाळ्यात बेळगाव स्टेशनावर गाडीगाडीला शिपाई उतरत होते. इटलीतून, ब्रह्मदेशातून. येळ्ळूरलाही बरेच परतले. वाजतगाजत घरी नेले जात, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जाई. लढाईत माणूस जातो आणि नोकरीत वाचतो, असा मारुतीरावांचा हिशेब होता. लढाई संपली होती, गेलेले येत होते, आणि लढाईला न गेलेला नागोजी तेवढा नव्हता. सांत्वनाला यावे की न यावे हे शेजाऱ्यांना कळत नव्हते, म्हणून कुणी येत नव्हते. यशोदा कुंकू लावून विहिरीवर गेली की बायका बाजूला सरकून तिला जागा देत. पूर्वी भांडून घ्यावी लागणारी जागा.

"मामा, त्या बायका माझ्यासंगं भांडत न्हाईत आताशा," ती एकदा म्हणाली. मारुतीरावांनी दावे वळत असल्याचे दाखवले.

चैत्रात, उन्हे तापायला लागल्यावर, एक माणूस पाठीवर वळकटी घेऊन दारात उभा राहिला. तिशीचा, काळा, कानाला मफलर. त्या उन्हात मफलर.

"आप्पा, मी उचगावचा गुंडू. नागोजीसंगं हुतो. त्यो खाली केबल-घरात, मी वरल्या चौकीवर लाईनवाला."

मारुतीराव उठले, त्याला खांबाशी बसवले. यशोदाने तांब्या आणून ठेवला आणि आतल्या दाराच्या चौकटीआड उभी राहिली. गुंडू पाणी पीत राहिला. बोलायचे लांबवावे तसा पीत राहिला.

"मी पयलंच येनार हुतो. दवाखान्यात हुतो. ह्यो कान गेला." त्याने मफलर जरा सरकवला आणि परत ओढला. "त्या रातीला मी खालीच झोपाय गेलतो. तुमचा पोरगा भाकऱ्या लई झ्याक करायचा. धक्का बसला तसा मी खाटंवरनं खाली. आन् नागोजी हसाय लागला. म्हनला, उचगावच्या मानसाला खाट सोसत न्हाय."

चौकटीआड बांगड्या वाजल्या. मारुतीरावांच्याही तोंडावर काहीतरी हलले. बोलण्याची ढब मुलाचीच होती.

"घर उभं ऱ्हायलं. भिंतीला चीर गेली तेवढीच. म्हनलं वाचलो. च्या ठिवला, पिला. जरा उजाडाय लागलं आन् भाईर येऊन बघतोय तर पानी न्हाय."

"पानी न्हाय म्हंजे?"

"न्हायच आप्पा. कुनी उचलून न्हेल्यागत. लांब, लई लांब गेलतं. होड्या चिखलात आडव्या पडल्यात, मासं तडफडाय लागल्यात. केबल, ती वाळूतनं समुद्रात उतरती न्हवं, मनगटाएवढी, ती पार आतपातूर उघडी. असला चिखल मी जन्मात बघितला न्हाय. काळा, चकाकनारा. तिथलं कोळी वरडाय लागलं, डोंगराकडं पळा. शेरडं-पोरं घिऊन समदी पळाली. मी बी पळालो."

"आन् त्यो?"

गुंडूने तांब्या फिरवला. "त्यो न्हाय पळाला. त्येनं काचा मारला. दारात कोळशाची पाटी हुती, ती रिकामी केली, खांद्यावर घेतली आन् उतरला. हसतच. जरा आत गेला, मागं वळला आन् मोठ्यानं वरडला, 'मान आमचा!'"

मारुतीरावांचा हात गुडघ्यावर होता तो तिथेच राहिला.

"आन् थांबला आप्पा. माझ्याकडं बघत. मी कायतरी म्हनावं आसं त्येला वाटत हुतं. मला काय कळंना. मी म्हनलं, आरं मुडद्या, पळ! त्येनं मान हालवली, ह्या उचगाववाल्याला काय कळतंय आशी, आन् फिरला. ते काय हुतं वो, 'मान आमचा'?"

ते असे होते. वैशाखात येळ्ळूरच्या तळ्याची मोरी उघडत. पाणी ओढ्याने निघून गेले, तळ उघडा पडला, की दवंडी पिटून सारे गाव बांधावर जमे. बायका टोपल्या घेऊन, पोरे माशांसाठी, शेतकरी गाड्या घेऊन, कारण तो गाळ भाताच्या शेताला सोन्यासारखा. पण आधी कुणी उतरायचे नाही. तळ्याच्या घरचा माणूस पाटी घेऊन पहिला उतरे आणि ओरडे, "मान आमचा!" बांधावरून सगळे गाव उत्तर देई, "गाळ सगळ्यांचा!" मग तो पहिली पाटी भरून बांधावर आणून ओती आणि त्यानंतर एकच झुंबड उडे. मिसरूड फुटल्यापासून पलटणीत जाईपर्यंत हा मान नागोजीने घेतला होता. उघडा तळ दिसला की उतरायचे, हे त्याच्या पायांना माहीत होते. मकराणच्या कोळ्यांच्या पायांना दुसरे माहीत होते.

"बुडताना बघितलास?" मारुतीरावांनी विचारले.

"न्हाय. मी डोंगराच्या पाठीला हुतो. लाट निस्ती ऐकली. ऐकली म्हंजे..." त्याने मफलरावरून हात फिरवला. "धावताना आपटलो. परत आलो तर केबल-घर न्हाय. त्येच्या खालची जमीन बी न्हाय. किनाराच खचून आत गेलता. जिथं आमी च्या पिलो तिथं खोल पानी."

मारुतीरावांनी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग मारुतीराव म्हणाले, "गावात समदं सांग. त्ये वरडनं तेवढं सांगू नगंस."

"का वो आप्पा?"

"नगंस म्हनलं न्हवं."

चौकटीआड आता बांगड्यांचा आवाज नव्हता.

नागोजी मेला की बेपत्ता, याचा निकाल लावणे भाग होते. यशोदाचा भाऊ शामू खानापूरकडून आला होता; बहिणीला काय समजायचे ते एकदा ठरवा, असे त्याचे म्हणणे. देवळाच्या कट्ट्यावर आण्णाप्पा पाटील बसले, शहापूरहून भटजी बोलावले. भटजींनी रीत सांगितली. माणूस मेल्याचे नक्की असेल आणि देह मिळाला नसेल, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस करायचे, मोकळे व्हायचे. माणूस नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षे वाट पाहायची. तोवर तो जिवंत, त्याची बायको सवाष्ण.

"म्हणून विचारतो," भटजी गुंडूकडे वळले, "त्याला पाण्यात बुडताना तू पाहिलंस का?"

"पानी न्हवतंच भटजी."

"समुद्रात पाणी नव्हतं?"

"उचगावच्या साक्षीत समुद्र सुदीक आटतोय," मागून कुणीतरी म्हणाले आणि हशा उठला. पाटलांनी हात वर केला.

"आरं, पानी न्हवतं तर त्यो गेला कशात?"

"चिखलात गेला. पानी मागनं आलं."

"आन् चिखलात उतरला कशाला? समदी पळतात आन् ह्योच उतरतोय? खुळा हुता व्हय नागोजी?"

गुंडूने मारुतीरावांकडे पाहिले. मारुतीराव देवळाच्या उंबऱ्याकडे पाहत होते. त्यांना ठाऊक होते, दोन शब्द उच्चारले की कट्ट्यावरच्या प्रत्येकाला सगळे दिसेल. नागोजी किती आत गेला असेल, किती सावकाश, पाटी भरायला कसा वाकला असेल, परत यायला त्याने किती वेळ लावला असेल. येळ्ळूरच्या माणसाला ते समजावून सांगावे लागले नसते. मग बेपत्ता हा शब्द कुणी उच्चारला नसता.

"केबल बघाय उतरला आसंल," गुंडू म्हणाला. "राखणदार हुता."

"म्हणजे बुडताना कुणी पाहिलं नाही," भटजी म्हणाले. "वळून बाहेरही पडला असेल. दुसरीकडे लागला असेल. मारुतीराव, तुमचं मन काय म्हणतं?"

"त्यो येईल," मारुतीराव म्हणाले.

बारा वर्षे ठरली.

घरी आल्यावर यशोदाने पान वाढले. ते जेवत असताना ती समोर भिंतीशी बसली. एरवी ती अशी समोर बसत नसे.

"मामा, मी बी येळ्ळूरचीच की आता. चार वैशाख बघितल्यात मी तळ्याचं. मला काय 'मान आमचा' कळत न्हाय व्हय?"

मारुतीरावांनी घास खाली ठेवला.

"बारा वर्सं मागून घेतलीसा तुमी. कुनासाठी घेतलीसा?"

"तुझ्यासाठी. त्यो येईल..."

"त्यो येईल आसं तुमाला वाटत आसतं तर मी बी वाट बघितली आसती. बारा न्हाय, चोवीस. पन तुमाला तसं वाटत न्हाय. तुमाला निस्तं त्यो मेला म्हनायचं न्हाय. आन् त्येच्यापायी मी कुंकू लावून बसायचं, बायका बाजूला सरकतात तिथं पानी भरायचं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी जेवा. भाकरी गार हुतीया."

दुसऱ्या दिवशी ती शामूबरोबर माहेरी गेली. नेसूची दोन लुगडी घेतली, बाकी ट्रंक ठेवून गेली, म्हणजे जाणे कशा प्रकारचे होते हेही नक्की झाले नाही.

मग घरात मारुतीराव आणि म्हैस उरली. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण एकटेपणा त्यांना माहीत नव्हता; सून होती, आणि मुलगा दूर असला तरी होता. आता ते सकाळी दोन भाकऱ्या करत आणि संध्याकाळी त्याच खात. बोलायला म्हैस आणि शनिवारी पद्मराज. पद्मराजकडे नवी बातमी होती: केबल दुरुस्त करणारे जहाज त्या जागी पोचले होते. लोखंडी गळ दोराने खाली सोडतात, तळावरून ओढत नेतात, केबल अडकली की वर घेतात.

"घावली?"

"गळ वर आला तो नुसत्या चिखलाने भरून. परत टाकला. परत चिखल."

"चिखलाचं काय करत्यात?"

पद्मराजला प्रश्न कळला नाही. "धुऊन टाकतात. समुद्रातच."

मारुतीराव मान हलवत राहिले.

वैशाख आला. पाटील स्वतः घरी आले आणि ओसरीवर बसून तंबाखू मळत म्हणाले, "मारुतीअण्णा, घरात सुतक आसतं तर मान ह्या वर्सी दुसऱ्या घराला दिला आसता. तशी रीतच हाय. पन सुतक न्हाय तुमाला. देव करो आन् न्हाईच ऱ्हावो. मग उतरायला तुमीच की."

मारुतीराव हो म्हणाले. दुसरे काय म्हणणार होते? सुतक नाही हे त्यांनीच सांगितले होते.

मोरी उघडली. पाणी काही दिवस ओढ्याने वाहत राहिले आणि एका सकाळी तळ उघडा पडला. दवंडी झाली. गाड्या लागल्या, बायका टोपल्या घेऊन बांधावर बसल्या, पोरांना आया दंडाला धरून थांबवत होत्या. मारुतीरावांनी काचा मारला, पाटी खांद्यावर घेतली आणि बांधाच्या पायऱ्या उतरले. पाय पोटरीपर्यंत आत गेले. गाळ वरून गरम होता आणि आत गार. ते थोडे आत गेले, वळले आणि ओरडले. आवाज फाटला, पण शब्द पोचले.

"मान आमचा!"

"गाळ सगळ्यांचा!" सगळा बांध गरजला.

मारुतीराव तिथेच उभे राहिले. आपल्याला उत्तर मिळाले, एवढेच त्यांच्या मनात आले. ओरडल्यावर एवढे मोठे उत्तर येते. ते यायला किती कमी वेळ लागतो. ते आले नाही तर माणूस थांबून वाट बघणारच.

पाटी भरायला ते वाकले नाहीत. बांधावरची गडबड हळूहळू थांबली. पहिली पाटी वर आल्याशिवाय कुणाला उतरता येत नव्हते.

"अण्णा, काय झालं? पाय आडाकला काय?" पाटील ओरडले. "घरी म्हातारी न्हाय, मासं कुनासाठी बघतासा?" कुणी गमत्या बोलला.

"नागोजी तिकडं आसाच उतरला," मारुतीराव म्हणाले. ते मोठ्याने बोलले नव्हते, पण ऐकू गेले. "पानी मागं गेलं तवा. पाटी घिऊन उतरला आन् आसाच वरडला. गुंडूनं मला सांगितलंय. मीच त्येला गप ऱ्हा म्हनलो. कुनी उत्तर दिलं न्हाय त्येला. त्यो थांबला आन् मग आत गेला."

बांधावर कुणी हलले नाही. एका पोराने काहीतरी विचारले आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग पाटील पायऱ्या उतरून आले, चपला घालूनच, आणि त्यांनी मारुतीरावांच्या खांद्यावरची पाटी काढून घेतली. ती त्यांनी स्वतः भरली आणि वर नेऊन ओतली. लोक उतरले. त्या वर्षी गाळ नेहमीसारखाच काढला गेला. फक्त आरडाओरडा झाला नाही.

भटजींना पुन्हा विचारले. आता शंका घेण्यासारखे काही नाही, ते म्हणाले. दर्भ आणून ठेवा, दिवस मी काढून देतो. पुतळ्याच्या विधीला बायको असली पाहिजे. मारुतीराव खानापूरच्या मोटारीने सुनेच्या माहेरी गेले.

यशोदा अंगणात तांदूळ पाखडत होती. कपाळाला कुंकू होते. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले: तळ्यात काय झाले, गावाला काय कळले, भटजी काय म्हणाले.

"बोललासा ते बरं झालं," ती म्हणाली. सूप खाली ठेवले, पदराने हात पुसले. "बसा. च्या करते."

चहा झाला. शामू म्हणाला, "मग कवा न्यायची?" यशोदा त्याच्याकडे न बघता मारुतीरावांशी बोलली.

"मामा, इतकं दिस तुमी त्येला धरून ठिवलासा. आता तुमी सोडलासा आन् म्हनतासा, चल. मला बी जरा धरू द्या की. पावसाळा जाऊ द्या."

"आगं, पन तूच म्हनलीस..."

"खरं बोला म्हनलं मी. जाळा कुठं म्हनलं?"

शामूने कपाळावर हात मारला. मारुतीराव पिशवी घेऊन उठले. निघताना तिने त्यांच्या पिशवीत तांदळाची पुरचुंडी घातली आणि म्हैस कशी आहे ते विचारले. गाभण आहे, ते म्हणाले.

पाऊस लागला, रोपे लावून झाली. दर्भाची पेंडी माळ्यावर होती. मारुतीराव अधूनमधून ती उन्हाला टाकत, नाहीतर तिला बुरशी धरली असती. गुंडू उचगावला किराणा दुकानात लागला. एकदा तो येऊन बसून गेला, फारसा बोलला नाही. श्रावण गेला, गणपती गेले. भाद्रपदाच्या वद्य पक्षात घरोघर पितरांची पाने वाढली जाऊ लागली, तेव्हा मारुतीरावांनी भटजींना विचारले की नागोजीचे पान वाढायचे का. पुतळा झाला नाही तोवर तो पितरांत नाही, भटजींनी सांगितले. मग जिवंतांत आहे का, हे मारुतीरावांनी विचारले नाही. बायकोचे आणि आईबापांचे पान वाढले.

त्या पक्षातल्या शेवटच्या शनिवारी ते बेळगावला गेले. पद्मराजने खिडकीतूनच सांगितले: समुद्रातली लाईन पुन्हा बोलू लागली होती. जुनी केबल मात्र निघाली नव्हती. गळ कितीदा टाकला तरी पोचेना, इतका गाळ वर बसला होता. शेवटी तो तुकडा तिथेच सोडून दिला आणि नवी केबल दुसऱ्या वाटेने नेली. जिथे केबल-घर होते त्या ठिकाणी खोली किती आहे, हे जहाजाने अजून मोजलेले नव्हते.

खानापूरहून त्या दिवसापर्यंत निरोप आलेला नव्हता.